हार्डवुड म्हणे हार्ड!

फर्स्ट इयरच्या वर्कशॉप व्हायवात सरांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाल्सा हार्डवुड की सॉफ्टवुड?" ग्लायडरसाठी बाल्साच्या पट्ट्या मी ब्लेडने कापल्या होत्या. नख लावलं तरी खूण उठायची. बेधडक म्हणालो, "सॉफ्टवुड, सर." जर्नल सहीशिवाय परत आलं.

मित्रांनो, घोळ नावातच आहे. हार्डवुड-सॉफ्टवुड ही कठीणपणाची नव्हे, झाडांच्या घराण्यांची नावे आहेत. फुले येणाऱ्या, रुंद पानांच्या झाडांचे लाकूड ते हार्डवुड: साग, शिसव, आंबा, बाभूळ. सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड: देवदार, पाइन. बाल्साला फुले येतात, म्हणून तो हार्डवुड. काश्मीरच्या पॉप्लरपासून आपल्याकडे पेन्सिली बनतात; म्हणजे शार्पनरमध्ये आपण सोलतो तेही हार्डवुडच!

खरा फरक आत आहे. सॉफ्टवुडचा 90 टक्क्यांहून अधिक भाग ट्रॅकीड नावाच्या लांबट पेशींचा असतो. पाणी वाहणे आणि आधार देणे, दोन्ही कामे त्याच करतात. हार्डवुडमध्ये कामाची वाटणी असते. पाण्याला नळ्या वेगळ्या, आधाराला तंतू वेगळे. सागाचा आडवा काप पाहा, या नळ्यांची तोंडे म्हणजे छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पाइनमध्ये अशा नळ्याच नाहीत.

मग कठीणपणा कशावर ठरतो? थोडं गणित करू. कोणत्याही लाकडाच्या पेशीभित्तीची घनता साधारण 1500 किलो प्रति घनमीटर असते. कोरड्या बाल्साची घनता 160च्या आसपास, म्हणजे त्यात घन भाग जेमतेम 11 टक्के, बाकी पोकळी. बॉक्सवुडची सुमारे 950, म्हणजे घन भाग 63 टक्के. दोन्ही हार्डवुड, पण फरक सहापट!

बॉक्सवुड म्हणजे बक्सस या झुडपासारख्या झाडाचे पिवळसर लाकूड. ते फार सावकाश वाढते. नळ्या इतक्या बारीक आणि सारख्या पसरलेल्या की भिंगाशिवाय दिसत नाहीत. म्हणून त्यावर अर्ध्या मिलिमीटरची रेघही स्वच्छ उठते; सागावर तीच रेघ छिद्रात अडखळते. जुन्या मोजपट्ट्या, स्लाइडरूल, बुद्धिबळाची प्यादी, बासऱ्या याच लाकडाच्या. इंग्लंडमध्ये थॉमस ब्यूइकने 18व्या शतकाच्या अखेरीस त्याच्या आडव्या कापावर चित्रे कोरून पुस्तकांत छापली. आपल्याकडे बॉबिनसारख्या कामाला त्याच्याऐवजी हेदू वापरला गेला.

आज मात्र हे झाड संकटात आहे. 2014च्या सोची हिवाळी ऑलिंपिकसाठी 2012 साली बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर पूर्व आशियातला एक पतंग कॉकेशसमध्ये शिरला. त्याच्या अळ्यांनी पाने फस्त केली आणि काही वर्षांतच तिथली बॉक्सवुडची जुनी बने मोठ्या प्रमाणावर वाळून गेली. जे लाकूड जाड व्हायला शतके लागतात, ते पुन्हा उभे राहायलाही शतकेच लागणार. शहर सजवायला आणलेल्या रोपांची ही किंमत!

पुढच्या टर्नला कार्पेंट्री शॉपमधला टाकाऊ तुकडा घ्या. त्याचे टोक धारदार पटाशीने साफ तासा आणि भिंगातून बघा. छिद्रे दिसली तर हार्डवुड. मीही तसंच केलं, मगच दुसऱ्या खेपेला सही मिळाली.