अर्धांगवायू आणि पुनर्वसन : घरच्यांनी काय करावे, काय करू नये

अर्धांगवायू हा आजार आपल्या घराघरांत माहीत आहे. कोणी त्याला लकवा म्हणतात, कोणी पक्षाघात म्हणतात, तर खेड्यापाड्यांत 'अंगावरून वारं गेलं' असे म्हणण्याची रीत आहे. नावे अनेक असली तरी एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. हातपाय लुळे पडत असले तरी हा आजार हातापायांचा नाही. तो मेंदूचा आहे.

रुग्ण इस्पितळातून घरी आला म्हणजे उपचार संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः औषधोपचाराने जीव वाचतो. उठणे, बसणे, चालणे, जेवणे, बोलणे हे पुन्हा मिळवण्याचे काम त्यानंतर महिनोन्‌महिने चालायचे असते, आणि त्याचा मोठा भाग घरातच व्हायचा असतो. म्हणून घरातील माणसांना, विशेषतः शिकणाऱ्या मुलामुलींना, या विषयाची माहिती असावी या हेतूने प्रस्तुत लेखात आम्ही काही गोष्टी मांडत आहोत.

मेंदूत काय घडते?

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, तर त्या भागातील पेशींना प्राणवायू मिळत नाही आणि त्या मरू लागतात. बहुतांश रुग्णांत गुठळी हे कारण असते, काहींत रक्तस्राव हे कारण असते. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने सीटी स्कॅन केल्याशिवाय नेमके औषध देता येत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले इस्पितळ गाठावे. लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली हे लिहून ठेवावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा भाग उजवी बाजू चालवतो. बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे डाव्या भागात असतात. त्यामुळे उजवे अंग गेलेल्या रुग्णाची वाचाही पुष्कळदा बिघडते.

मेंदू पुन्हा शिकतो

मेलेल्या पेशी परत जिवंत होत नाहीत. मग सुधारणा होते ती कशी? सुरुवातीच्या दिवसांत मेंदूची सूज उतरते आणि काही बंद पडलेले भाग पुन्हा चालू होतात. त्यापुढची सुधारणा मात्र शिकण्यातून होते. शाबूत राहिलेले भाग सरावाने हळूहळू नवे काम उचलतात. लहान मूल पडत-उठत चालायला शिकते, तसेच हे शिकणे असते.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण येथे देणे उपयुक्त होईल. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणारे पेद्रो बाख-इ-रिटा यांना १९५९ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, अर्धांगवायूचा मोठा झटका आला. त्यांना बोलता येईना, चालता येईना. त्या काळी अशा रुग्णाला काही आठवडे व्यायाम देऊन पुढची आशा सोडून देत. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचे शिक्षण घेत होता. पुनर्वसनाचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. त्याने वडिलांना आपल्याकडे नेले आणि मूल जसे आधी रांगते तसे त्यांना रांगायला लावले. दुबळा खांदा आणि हात भिंतीला टेकवून ते कित्येक महिने रांगत होते. जमिनीवर गोट्या खेळणे, नाणी उचलणे, चांगल्या हाताने भांडे धरून दुबळ्या हाताने ते गोल गोल घासणे, अशी घरातलीच कामे त्याने व्यायाम म्हणून दिली. रांगण्यातून गुडघ्यांवर सरकणे, त्यातून उभे राहणे आणि मग चालणे आले. सुमारे वर्षभरात पेद्रो पुन्हा शिकवू लागले.

पुढे वयाच्या ७२ व्या वर्षी कोलंबियात डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात असे आढळले, की मेंदूची ती मोठी इजा इतक्या वर्षांनीही भरून आलेली नव्हती. तरीही माणूस चालत, बोलत, शिकवत होता. त्यांचे दुसरे पुत्र पॉल हे डॉक्टर व संशोधक होते. मेंदूच्या या जुळवून घेण्याच्या शक्तीचा अभ्यास त्यांनी पुढे आयुष्यभर केला.

एका माणसाच्या उदाहरणावरून प्रत्येक रुग्ण असाच बरा होईल असे मानू नये. इजा कोठे व किती झाली यावर पुष्कळ काही अवलंबून असते. परंतु अंग कामातून शिकते आणि ते काम घरातलेच असू शकते, हा धडा सर्वांना लागू आहे.

घाई नको, दिरंगाईही नको

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. त्यानंतर तो मंदावतो, पण थांबत नाही. म्हणून 'आधी अंगात ताकद येऊ द्या, मग व्यायाम बघू' असे म्हणत दोन-तीन महिने निजवून ठेवणे फार महागात पडते.

याची दुसरी बाजूही आहे. ऑस्ट्रेलियासह ५ देशांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या 'अॅव्हर्ट' या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या २४ तासांच्या आत रुग्णाला जास्त वेळा आणि जास्त वेळ उठवण्याने तीन महिन्यांनंतरचा परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगला न होता उलट कमी चांगला झाला, असे त्यात दिसले. तेव्हा उठवायचे कधी आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. त्यांनी परवानगी दिल्यावर मात्र एकही दिवस वाया घालवू नये.

घरी पाळावयाच्या गोष्टी

१. कूस बदलणे : रुग्णाला स्वतः वळता येत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी, अन्यथा पाठीला जखमा होतात.

२. खाणेपिणे : गिळण्याची शक्ती तपासून घेतल्याशिवाय तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. भरवताना रुग्ण ताठ बसलेला असावा.

३. खांदा : लुळा हात धरून रुग्णाला कधीही ओढू किंवा उठवू नये. स्नायूंचा आधार गेल्यामुळे खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन्‌महिने राहते. बसलेला असताना तो हात उशीवर ठेवावा.

४. उठणे-बसणे : भक्कम खुर्चीवर बसवून, पावले किंचित मागे घेऊन, पुढे वाकून उभे राहण्याचा सराव जवळ कोणीतरी उभे राहून करून घ्यावा. शौचालयाला जाणे, मोरीत जाणे, दारापर्यंत जाणे, सगळे यावरच अवलंबून आहे.

५. चालणे : काठी चांगल्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा आणि उतरताना दुबळा पाय आधी टाकावा.

६. कपडे : सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. एवढी युक्ती कळली तर पुष्कळ रुग्ण स्वतःचे कपडे स्वतः घालू शकतात.

७. हात : नुसता चेंडू दाबत बसू नये. पकडणे जितके महत्त्वाचे तितकेच सोडणे महत्त्वाचे. पेला उचलून ठेवणे, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे अशी कामे द्यावीत.

८. दुर्लक्षित बाजू : डावे अंग गेलेले काही रुग्ण ताटातील डाव्या बाजूचे अन्न तसेच ठेवतात. हा हट्ट नसतो. मेंदूला ती बाजूच जाणवत नाही. अशा वेळी डावीकडे लक्ष वळवण्याची आठवण वारंवार करून द्यावी.

९. शेक आणि मालीश : लुळ्या अंगाला चटका कळत नसल्याने गरम विटेने किंवा पिशवीने भाजण्याची भीती असते. तेलाचे मालीश हलक्या हाताने करण्यास हरकत नाही, पण मालीश म्हणजे व्यायाम नव्हे. त्यात हलतो तो मालीश करणारा. कबुतराचे रक्त लावण्यासारख्या प्रकारांनी तर पैसा आणि मोलाचा वेळ दोन्ही जातात.

सेवा म्हणजे काय?

आपल्याकडे आजारी माणसाची सेवा मनापासून केली जाते. सून भरवते, मुलगा आंघोळ घालतो, नातवंडे पाण्याचा पेला तोंडाला लावतात. ही माया मोलाची आहे. परंतु याच मायेपोटी रुग्णाची सर्व कामे आपण करून टाकली, तर त्याच्या मेंदूला शिकण्याची संधीच उरत नाही. जो हात वापरला जात नाही तो मेंदूच्या हिशेबातून हळूहळू वगळला जातो. रुग्णही सगळे चांगल्या हाताने उरकू लागतो.

या सवयीवर उपाय म्हणून अमेरिकेत २२२ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटका येऊन ३ ते ९ महिने झालेल्या आणि मनगट व बोटे थोडी तरी उघडू शकणाऱ्या रुग्णांच्या चांगल्या हातावर जागेपणी बहुतेक वेळ जाड मोजा घालण्यात आला. दोन आठवडे दुबळ्या हाताकडून भरपूर सराव करून घेण्यात आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात अधिक सुधारला आणि ती सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. हा उपाय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. त्यामागचे तत्त्व मात्र प्रत्येक घरात पाळता येते. जे काम रुग्णाला पाच मिनिटांत जमते, ते आपण अर्ध्या मिनिटात करून देऊ नये. शेजारी उभे राहावे, पडू देऊ नये आणि वाट पाहावी. अशी वाट पाहणे हीदेखील सेवाच होय.

याचा अर्थ घरच्यांनीच फिजिओथेरपिस्ट व्हावे असा नाही. भारतातील १४ इस्पितळांत १,२५० रुग्णांवर झालेली 'अटेंड' ही चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. कुटुंबीयांना थोडे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून घरी पुनर्वसन करून घेतले, तर मृत्यू व परावलंबन कमी होते का, हे तीत पाहिले होते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. यावरून आम्ही इतकाच अर्थ घेतो, की घरच्यांची साथ आवश्यक असली तरी ती तज्ज्ञांची जागा घेऊ शकत नाही. कोणता व्यायाम, किती वेळा आणि पुढची पायरी कोणती, हे तज्ज्ञाने ठरवावे. रोजचा सराव घरच्यांनी करून घ्यावा. सरकारी व पालिकेच्या मोठ्या इस्पितळांत हे विभाग असतात. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे.

वाचा आणि मन

वाचा गेलेल्या रुग्णाची बुद्धी गेली असे समजू नये. पुष्कळदा त्याला समजते, पण शब्द सापडत नाही. त्याच्याशी लहान वाक्यांत, समोर बसून बोलावे. 'हो-नाही'त उत्तर येईल असे प्रश्न विचारावेत. त्याच्या देखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलू नये.

सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना झटक्यानंतर उदासीनतेचा आजार होतो. व्यायामाला नकार, जेवणावरची वासना उडणे, विनाकारण रडू येणे यांकडे 'मनाने खचला' म्हणून पाहू नये. त्यावर औषधे आहेत, डॉक्टरांना सांगावे.

दुसरा झटका टाळणे

एकदा झटका आलेल्याला पुन्हा येण्याचा धोका राहतो. सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हे आहे. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करू नये. विडी, तंबाखू, मशेरी आणि दारू सोडावी. मीठ कमी करावे. लोणचे, पापड, खारवलेली मासळी यांतूनही मीठच जाते. मधुमेह आटोक्यात ठेवावा.

सभासदांना व विद्यार्थ्यांना विनंती

ज्या घरातील कमावता माणूस पडतो, त्या घरात इस्पितळात नेण्या-आणण्याला माणूस आणि पैसा दोन्ही नसतात, आणि व्यायाम तिथेच तुटतो. आपल्या वस्तीत असे घर असेल तर आठवड्यातून एक दिवस सोबत जाणे, चाकाची खुर्ची मिळवून देणे, संध्याकाळी अर्धा तास रुग्णासोबत चालणे, हे प्रत्येक तरुणाला जमण्यासारखे आहे. कायमचे अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगांसाठीच्या अनेक सवलती मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्राचा व वैश्विक ओळखपत्राचा अर्ज भरून देणे हे शिकलेल्या मुलांचे काम आहे.

शेवटी एक गोष्ट. लुई पाश्चर यांना १८६८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, अर्धांगवायू झाला आणि त्यांचे डावे अंग गेले. ते पूर्ण बरे कधीच झाले नाही. चालण्यातला आणि हातातला दोष शेवटपर्यंत राहिला. तरीही पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्यांनी माणसाला प्रथम टोचवली ती १८८५ साली, म्हणजे त्यानंतर १७ वर्षांनी. सगळे पूर्वीसारखे होणे म्हणजेच बरे होणे असे नाही. जे अंग उरले आहे ते रोज वापरणे, आणि जे काम जमते त्यापासून रुग्णाला दूर न ठेवणे, यालाच पुनर्वसन म्हणतात. ही जबाबदारी जितकी रुग्णाची, तितकीच ती त्याच्या शेजारी बसणाऱ्या आपणा सर्वांची आहे.