ट्रॅक्टर आणि ट्रॉली : जोडी जुळविताना

दिवाळी सरली की बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. गळीत हंगाम संपेपर्यंत ही वर्दळ रात्रंदिवस चालू असते. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, अनेकांनी हंगामापूर्वी उचल घेतलेली असते, आणि ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते तर कोणासाठी थांबत नाहीत. साहजिकच एका खेपेत शक्य तितका ऊस न्यावा, अशी वाहनमालकाची इच्छा असते. ‘ट्रॅक्टर ओढतो आहे ना, मग झाले’ हा युक्तिवाद त्यातूनच जन्माला येतो. परंतु ट्रॅक्टर ओढतो एवढ्यावरून जोडी जुळली, असे मानता येत नाही.

एक साधा हिशेब मांडून पाहू. ४५ अश्वशक्तीचा एक ट्रॅक्टर घ्या. त्याचे वजन २ टन, आणि त्यातील सुमारे १,३०० किलो भार मागील चाकांवर. त्याला दोन चाकांची ट्रॉली जोडली. ट्रॉलीचे वजन २ टन व ऊस ६ टन. एकूण वजन १० टन झाले. सपाट डांबरी रस्त्यावर हा बोजा चालता ठेवण्यास त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के, म्हणजे २०० ते ३०० किलोंचा ओढ पुरतो. ताशी २० किलोमीटर वेगाला त्यासाठी १५-२२ अश्वशक्ती लागते. निम्म्याहून अधिक शक्ती शिल्लकच राहते. चालकाला वाटते, अजून दोन टन सहज चढले असते. फसगत होते ती इथेच.

आता तोच बोजा थांबवावयाचा आहे. साधारण ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागील चाकांवर असतात, आणि चाकावर जितका भार तितकीच त्याची रस्त्यावरील पकड. ट्रॉलीचा पुढचा भाग ट्रॅक्टरच्या हुकावर ५०० किलो भार टाकतो असे धरले, तर मागील चाकांवर १,८०० किलो येतात. त्याच्या निम्मी, म्हणजे ९०० किलोंची पकड मिळते असे समजू. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा मोकळा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरांत थांबतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर भरलेल्या जोडीला साडेसतरा मीटर लागतात. वीस मीटरांत एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर हेच अंतर ३९ मीटर होते. दहा मीटरांत एक मीटर असा उतार असेल, तर बोजाच १,००० किलोंनी खाली खेचतो. पकड मात्र ९०० किलोंचीच. याचा अर्थ ती जोडी थांबतच नाही. ब्रेक कितीही नवे असले तरी थांबत नाही! वेग दुप्पट झाला की ही अंतरे चौपट होतात, हे वेगळेच. चिखल किंवा सांडलेले पाचट चाकाखाली आले तर पकड आणखी घटते.

तेव्हा जोडी जुळविताना अश्वशक्तीपेक्षा ट्रॅक्टरचे वजन, मागील चाकांवरचा भार आणि ट्रॉलीचे ब्रेक या गोष्टी अधिक महत्त्वाच्या ठरतात. वरील उदाहरणात ट्रॉलीच्या चाकांवर साडेसात टन भार आहे. त्या चाकांना चालकाच्या जागेवरून लावता येणारे ब्रेक असतील, तर पकड कित्येक पटींनी वाढते. ट्रॉली विकत घेताना पत्र्याची जाडी व रंगकाम बारकाईने पाहणारे शेतकरी बंधू ब्रेकची चौकशी क्वचितच करतात, ही खेदाची गोष्ट आहे.

भार कोठे पडतो, हेही पाहिले पाहिजे. बैलगाडी हाकणाऱ्या जुन्या पिढीला हे शिकवावे लागत नसे. गाडी उलाळ झाली की जोखड वर उचलले जाते, आणि पुढे जड झाली की बैलांच्या माना मोडतात, हे त्यांना ठाऊक होते. दोन चाकांच्या ट्रॉलीलाही हाच नियम लागू आहे. मोळ्या मागच्या बाजूला फार बाहेर आल्या, तर हूक वर उचलला जातो. ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होतात व पकड जाते. अमेरिकेत पिकअप गाडीमागे राहण्याची चाकांवरची खोली जोडून लोक प्रवासास निघतात. तेथेही ट्रॉलीच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, असा दंडक आहे. तो कमी पडल्यास मागची खोली रस्त्यावर डावीउजवीकडे झोके खाऊ लागते. आपल्याकडे वेग कमी असल्याने झोक्यांचे भय कमी, पण हूक उचलला जाण्याचे भय तेवढेच.

हूक मात्र नेहमी खालच्या ओढदांडीलाच लावावा. मागच्या आसाच्या वर कोठेही ट्रॉली अडकविली, तर चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि एकदोन क्षणांत चालकावर उलटतो. उडी मारण्यास अवधी मिळत नाही. पुढची चाके हलकी होत असल्याचे सुकाणूवरून कळते. ते जाणवताच बोजा कमी करणे हाच उपाय होय. बोनेटवर माणूस बसविणे हा नव्हे.

रस्त्यावर येताना ब्रेकचे दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडावेत. शेतात वळण्यासाठी ते सुटे केलेले असतात. तसेच राहिले, तर एकच चाक अडते आणि ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा ढकलते. निपाणीजवळच्या तवंदी घाटासारख्या उतारावर इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडणे म्हणजे इंजिनाचा रोध आपल्या हाताने घालविणे. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच घालावा.

एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरच्या चाकांवर जवळजवळ येतच नाही. पकड तेवढीच राहते व ढकलणारे वजन मात्र दुप्पट होते. वरचा हिशेब मग सपाट रस्त्यावरही जड जातो.

किती ऊस भरावा याचा निर्णय फडापासून कारखान्यापर्यंतच्या वाटेवरील सर्वांत तीव्र उतार पाहून करावा. ट्रॉलीच्या नोंदणीपत्रात लिहिलेले वजन ही कमाल मर्यादा आहे. उतार तीव्र असल्यास त्याहूनही कमी भरावे लागेल. कारखान्याच्या काट्यावर मिळणारी पहिल्या खेपेची पावती जपून ठेवावी. मोळ्यांचा तोच थर पुढील खेपांना प्रमाण मानता येतो; मात्र ऊस ओला असल्यास किंवा जात बदलल्यास पुन्हा वजन पाहावे लागेल.