नागपूर ते लंडन : विमानप्रवासाचें अंतर व वेळ

वर्धा जिल्ह्यांतील एखादा मुलगा शिक्षणासाठीं विलायतेस जाण्याकरितां नागपूरच्या सोनेगांव विमानतळावरून निघाला, म्हणजे मातापित्यांचें सारें लक्ष घड्याळाकडे लागतें. तो केव्हां पोंचेल, आणि त्या वेळीं तेथें दिवस असेल कीं रात्र? भूगोल व अंकगणित यांच्या साह्यानें हा प्रश्न सहज सुटतो. मात्र त्यांतील तीन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होऊं देतां कामा नये.

पहिली गोष्ट अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळें सपाट नकाशावर पट्टी ठेवून दूरचें अंतर बरोबर मोजतां येत नाहीं. त्यासाठीं पृथ्वीचा गोल घेऊन दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. पृथ्वीचा परिघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. आपल्या गोलाचा परिघ १०० सेंटिमीटर असल्यास दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे ४०० किलोमीटर होय. मुंबई ते लंडन दोरा १८ सेंटिमीटर भरतो. म्हणजे अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर. नागपूर ते लंडन तो पावणेएकोणीस भरतो. म्हणजे सुमारें ७,५००. परंतु मुंबईमार्गें जाणारास नागपूर-मुंबईचे सुमारें ६८० किलोमीटर अधिक पडून बेरीज ७,९०० च्या घरांत जाते. हें वळण जवळजवळ ४०० किलोमीटरांचें झालें.

दुसरी गोष्ट उड्डाणाचा वेळ. ताशीं ९०० किलोमीटर वेग धरल्यास मुंबई-लंडन प्रवासास ८ तास पुरावेत. प्रत्यक्षांत नऊ-दहा तास लागतात. चढतांना व उतरतांना विमानाचा वेग कमी असतो, आणि आकाशांतील मार्गही दोऱ्यासारखे सरळ नसतात. शिवाय वरच्या थरांतील पश्चिमेचे प्रबळ वारे समोरून येतात. परततांना तेच वारे पाठीशीं असल्यानें वेळ कमी लागतो. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून लंडनला निघालें, तेव्हां त्यास वाटेंत कैरो व जिनिव्हा येथें थांबावें लागलें होतें. आज तेंच अंतर विमानें न थांबतां तोडतात.

तिसरी गोष्ट घड्याळ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका अंशास ४ मिनिटें. आपली प्रमाणवेळ साडेब्यांशी पूर्व रेखांशाची आहे. साडेब्यांशीला चारांनीं गुणल्यास ३३० मिनिटें, म्हणजे साडेपांच तास येतात. तितके आपण ग्रीनिचच्या पुढें आहों. उन्हाळ्यांत लंडनचीं घड्याळें एक तास पुढें करतात. तेव्हां हा फरक साडेचार तासांचा होतो.

आतां उदाहरण पाहूं. जानेवारींत विमान दुपारीं १ वाजतां मुंबईहून सुटलें व १० तास उडालें. घरचें घड्याळ रात्रीचे ११ दाखवील. त्यांतून साडेपांच तास वजा केले कीं लंडनची वेळ सायंकाळची साडेपांच येते. तिकिटावरील एक व साडेपांच हे आंकडे पाहून प्रवास साडेचार तासांचा समजणारे पालक सहा वाजल्यापासूनच व्यर्थ काळजी करूं लागतील. वस्तुतः त्या वेळीं विमान अर्ध्या वाटेवरच असतें.

विद्यार्थिमित्रांनो, आतां परतीचा हिशेब तुम्हीं करावा. जानेवारींतच लंडनहून रात्रीं ९ वाजतां निघालेलें विमान ९ तासांत मुंबईस आलें, तर येथें किती वाजले असतील? उत्तर दुसऱ्या दिवशीं सकाळचे साडेअकरा असें यावयास हवें. तें कसें आलें, हें घरीं आईवडिलांस समजावून सांगावें.