तिसरी साइट घेण्याआधी

अगं, देवळीचं काम चालू, हिंगणघाटचं चालू आणि आता आर्वीची निविदाही भरते म्हणतेस. तुझी कंपनी वाढतेय याचा मला फार अभिमान आहे. पण थोरली म्हणून सांगते, कामं नाहीत म्हणून अडचणीत आलेल्या ठेकेदारांपेक्षा कामं झेपेनात म्हणून बसलेले मी जास्त पाहिलेत.

आधी पैशाचं बघ. मजुरांचा हप्ता आठवड्याला चुकवता येत नाही. सिमेंट-सळईवाला फार तर महिनाभर थांबेल. तुझ्या बिलाचं मात्र तसं नाही. मोजमापं होणार, मोजमाप पुस्तिकेत चढणार, तपासली जाणार, अनामत कापली जाणार, मग रक्कम खात्यात येणार. म्हणजे काम वाढलं की आधी तुझाच पैसा बाहेर जातो. म्हणून प्रत्येक साइटचा हिशेब वेगळा ठेव. देवळीच्या बिलातून आर्वीची गिट्टी आणायची नाही. दोन महिने एकही बिल निघालं नाही तरी मजुरी भागेल का, हे कागदावर मांड आणि मगच निविदेला हात लाव.

दुसरं माणसाचं. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया कुठवर न्यायचा, हे खड्ड्यात उतरूनच ठरवावं लागतं. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटमध्ये पाणी जास्त पडलं, तर तिथल्या तिथे हात धरणारं कुणीतरी हवं. काँक्रीटच्या क्यूब-चाचणीचा निकाल 7 आणि 28 दिवसांनी येतो, तोवर स्लॅब कधीच ओतून झालेला असतो. तू एकटी तीन ठिकाणी पुरणार नाहीस. हिंगणघाट निर्धास्तपणे सोपवता येईल असा इंजिनिअर आधी तयार कर, आणि काम थांबवायचा अधिकार त्याला लेखी दे.

आपल्या सेवाग्रामचंच बघ ना. 1936 साली तिथे घर बांधायचं ठरलं, तेव्हा गांधीजींनी अट घातली होती: खर्च 500 रुपयांच्या वर जायचा नाही आणि सामान आसपासचंच वापरायचं. त्या अटीत आदिनिवास उभा राहिला, आणि आजही उभा आहे. मर्यादा आधी ठरली, भिंती मागून आल्या. तुझ्या कंपनीचंही तसंच होऊ दे.

आर्वीची निविदा या खेपेला सोड. हिंगणघाटचं शेवटचं बिल निघालं, तिथला माणूस पक्का झाला, की पुढची खुशाल भर. दर काढायला मी येऊन बसते तुझ्याजवळ.