कळतं, पण अंगाला वळत नाही

लातूर,
२१ ऑगस्ट

चि. छोटीस,


पत्रास कारण की, परवा ताईचा फोन आला. घाटातल्या त्या अपघाताला आठ महिने झाले, हाताचं प्लॅस्टर निघूनही सहा महिने होऊन गेले, आणि तरी तू रात्री खोलीतला दिवा चालू ठेवून झोपतेस. रिक्षानं जोरात ब्रेक मारला की तळहाताला घाम सुटतो. मैत्रिणींमध्ये हसू आलं की मध्येच गप्प होतेस. वर ताईला म्हणालीस म्हणे, "आई, सगळं कळतं गं, पण वळत नाही." हे वाक्य मावशीच्या चांगलंच ओळखीचं आहे.

मावशी स्वतःला 'मावशी' का म्हणते, असं विचारू नकोस. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात केसपेपर आणि रजिस्टरं लिहिल्यावर माणूस स्वतःबद्दलसुद्धा तिऱ्हाइतासारखंच लिहायला लागतो.

१९९३ साली तिची नोकरी लागून दोनच वर्षं झाली होती. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून माणसं उशिरा झोपली होती, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं भूकंपानं हादरली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारी तीच घरं झोपलेल्या माणसांवर आली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली.

मावशीची ड्यूटी सास्तूरच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमधल्या दवाखान्यात होती. हाडं सांधली, टाके निघाले, आणि मग वेगळ्याच तक्रारी घेऊन माणसं यायला लागली: छातीत धडधड, झोप नाही, हातापायांना मुंग्या. रस्त्यावरून ट्रक गेला की शेडचा पत्रा थरथरायचा, आणि रांगेतल्या बाया पोरं उचलून बाहेर पळायच्या. बाहेर गेल्यावर एकमेकींकडे बघायच्या, एखादीला हसूही यायचं. ट्रक आहे हे प्रत्येकीला कळलेलं असायचं. पाय मात्र विचारायला थांबायचे नाहीत.

याचं कारण डोक्यातच आहे. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराची एक छोटी जोडगाठ असते, डॉक्टर तिला अमिग्डाला म्हणतात. तिचं काम गावच्या जागल्याचं. पाऊल वाजलं की आधी आरोळी ठोकायची, चोर की पाहुणा ते मग बघू. त्या आरोळीसरशी हृदय धावतं, स्नायू ताठतात, पोट आवळतं. एरवी मेंदूतला विचार करणारा भाग त्याला गप्प करतो. मोठा आघात झाला की जागल्या बिथरतो आणि पुढे कित्येक महिने ब्रेकच्या आवाजाला, डिझेलच्या वासाला, ओल्या डांबराच्या चकाकीला ओरडत राहतो. त्याला तारीख वाचता येत नाही. अपघात डिसेंबरात होऊन गेला, हे तुला माहीत आहे, त्याला नाही. म्हणून त्याला समजावण्यापेक्षा अंगाला रोज थोडं थोडं दाखवून द्यावं लागतं, की आत्ता, इथं, धोका नाही. मावशीला या पत्रात सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा तपशील.

पहिला तपशील श्वासाचा. "दीर्घ श्वास घे" असं सगळेच सांगतात आणि माणूस छाती भरभरून श्वास आत ओढत बसतो. गंमत अशी की श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना उतरतात. म्हणजे काम आहे ते सोडण्याच्या श्वासाचं. २०२३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी रोज ५ मिनिटं, महिनाभर, नाकानं एक श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा घ्यायचा आणि मग तोंडानं सावकाश, लांबवर सोडायचा. ध्यान करणाऱ्या गटापेक्षा या गटाचं मन जास्त प्रसन्न झालं. आपल्याकडे कळशी खाली ठेवल्यावर बाई जे 'हुश्श' करते, ते हेच. डोळे मात्र उघडे ठेव. आघातातून उठलेल्या पुष्कळांना डोळे मिटले की तेच दृश्य समोर येतं. आणि श्वासाकडे लक्ष दिल्यानं घाबरायला होत असेल तर तो नाद सोड, हातांकडे वळ.

हातांचं मावशीला शिकवलं ते शेडमागं राहणाऱ्या एका म्हातारीनं. घरातली तीन माणसं गेलेली. चारच्या सुमाराला ती उठून बसायची, कारण त्या वेळी झोप लागणं शक्यच नव्हतं. पहिले काही दिवस नुसती बसून राहायची. मग तिनं चूल पेटवायला सुरुवात केली. ज्वारीच्या पिठात बेतानं कढत पाणी, तळहाताच्या टाचेनं पीठ मळून मळून मऊ करायचं, परातीत पिठाची चिमूट भुरभुरून गोळा ठेवायचा आणि थापायला लागायचं. थापताना भाकरी आपोआप फिरत राहायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. वाफेचा चटका, पिठाचा वास, थापण्याचा एकसुरी आवाज. त्या अर्ध्या तासात म्हातारीला ती पहाट आठवायची की नाही, कोण जाणे. पण ज्या वेळेला अंग थरथरायचं, त्याच वेळेला हात कामात असायचे. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "आता चारला भाकरीची येळ होती." आधी ती त्याला 'ती येळ' म्हणायची.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये चूल कुठून आणणार? पण मेथी निवडता येते, लसूण सोलता येतो. एकेक काडी बघून, बोटांना लागेल तशी. भीती दाटून आली की मानसोपचारतज्ज्ञही हेच करायला सांगतात: दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, कानावर येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. मेथीच्या जुडीत यातलं बहुतेक सगळं एकाच ठिकाणी मिळतं.

शरीर हलवण्याचंही तसंच. बॉस्टनच्या बेसल व्हॅन डर कोल्क या मानसोपचारतज्ज्ञानं २०१४ साली ६४ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघाताचा त्रास वर्षानुवर्षं मागे लागलेल्या, आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या या स्त्रिया. निम्म्यांना आठवड्यातून एक तास, १० आठवडे, सौम्य योगासनं. बाकीच्यांना आरोग्यशिक्षणाचे वर्ग. शेवटी योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणींत आघातोत्तर विकाराचं निदान उरलं नाही. दुसऱ्या गटात हा आकडा २९ पैकी ६ होता. योग करूनही उरलेल्या निम्म्यांना पुरेसा फायदा झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. तेव्हा एखाद्या उपायानं तुला काही वाटलं नाही तर स्वतःला दोष देऊ नकोस, दुसरा धर.

आता बोलण्याबद्दल.

इथं मावशीच्या हातून चूक झाली होती. शेडमध्ये आलेल्या एका तरुण बाईला तिनं, मन मोकळं होईल या भाबड्या समजुतीनं, "नीट आठवून सगळं सांग" म्हटलं. बाईनं सांगितलं, सांगताना घामानं भिजली, आणि पुढे तीन दिवस दवाखान्याकडे फिरकली नाही. पुढे इंग्लंडात ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी रस्ता अपघातातल्या जखमींवर केलेल्या अभ्यासात असंच दिसलं. दवाखान्यात असतानाच ज्यांना एका बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावला होता, त्यांची स्थिती तीन वर्षांनीही बाकीच्यांपेक्षा वाईट होती. तेव्हा हळदीकुंकवाला, लग्नात, लिफ्टमध्ये कुणी "नेमकं काय झालं गं?" म्हणून खोदून विचारलं तर सांगायला तू बांधील नाहीस. "आज नको, कधीतरी बोलू" एवढं म्हण आणि चहाचा कप उचल.

ज्याच्याजवळ बोलावंसं वाटेल, त्याच्याजवळ मात्र बोल. झिंबाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली १४ आज्यांना हाताशी धरून एक काम सुरू केलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक टाकायचा, त्यावर प्रशिक्षण घेतलेली आजी बसायची, आणि ज्याला त्रास आहे त्यानं शेजारी बसून तिच्याशी बोलायचं. आज्यांनी नाव सुचवलं 'मैत्रीचा बाक'. नैराश्य वगैरे शब्द त्या वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत 'कुफुंगीसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आजी विचारते, आज यातली कुठली एक अडचण सोडवायला घेऊ या? २०१६ साली ५७३ जणांवरच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनंतर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती, बाकावर बसलेल्यांत ती १४ टक्क्यांच्या आसपास. ही चाचणी नैराश्याची होती, अपघाताच्या धक्क्याची नव्हे. पण शेजारी बसलेल्या माणसाचं वजन किती असतं, ते तीतून कळतं.

आमच्याकडे हा बाक भूकंपानंतर हरवला होता. ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की मिळाली, रस्ते आखीव आणि रुंद झाले, पण गल्लीतलं ओट्यावरून ओट्यावर चालणारं बोलणं तुटलं. शेजारीण दोन ओळी पलीकडे गेली. ते बोलणं पुन्हा जुळलं, त्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचा मोठा वाटा. प्रेमा गोपालन यांच्या या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' केलं. सरकारी घरदुरुस्ती योजनेत दगडी भिंत कशी बळकट करायची, कुठला कागद कुठं द्यायचा, हे त्या घरोघर जाऊन सांगू लागल्या. ज्या दगडांना घाबरून अंगणात झोपायच्या, त्याच दगडांच्या भिंतींत सळई कशी घालायची, यावर गवंड्याशी वाद घालायला लागल्या. आणि २००१ च्या जानेवारीत गुजरातेत भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना सांगून आल्या, आम्ही कसं उभं राहिलो ते. भाषा वेगळी, तरी अडलं नाही.

हे वाचून उद्याच अपघातग्रस्तांसाठी काम सुरू करशील, तर थांब. त्या बायकांनाही तिथवर यायला काही वर्षं लागली. तुझ्यासाठी सध्या कॉलनीतल्या कुत्र्याला पोळी घालणं किंवा शेजारच्या मुलाचं गणित घेणं पुरे.

हसण्याचंही लिहायला हवं. गाडीत तुझ्याबरोबर जी होती ती परत आली नाही, आणि तू आलीस. म्हणून हसू आलं की चोरी केल्यासारखं वाटतं. किल्लारीच्या भागातही पुढच्या वर्षी गणपती बसवायचा की नाही, यावर मावशीसमोर भांडणं झाली होती. एका घरी बसला, पण आरतीला टाळ वाजवले नाहीत. दुसऱ्या घरी वाजवले आणि अर्ध्या आरतीत सगळे रडले. कुणाचं चूक होतं, असं मावशीला आजही म्हणता येत नाही. यंदाच्या गणपतीत तू काय करायचं, ते तूच ठरव. ताईनं किंवा मावशीनं नाही.

आणि एवढं सगळं करूनही झोप येत नसेल, कामावर जाणं जड होत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मेथीची जुडी घेऊन बसू नकोस. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आघातावरच्या खास मानसोपचाराच्या साधारण ८ ते १२ बैठका असतात. त्यात जे टाळतेस, उदाहरणार्थ गाडीची पुढची सीट, त्याच्याजवळ पायरीपायरीनं नेतात: आधी उभ्या गाडीत दार उघडं ठेवून, मग आवारात एक फेरी, मग गल्लीच्या टोकापर्यंत. ते आपल्या मनानं किंवा कुणी चेष्टा केली म्हणून करायचं नसतं. सोबत जाणता माणूस हवा.

पुढच्या महिन्यात चार दिवस इकडे ये. रस्त्यानं नको वाटत असेल तर रात्रीची लातूर एक्स्प्रेस आहे, बार्शी, धाराशिव करत सकाळी पोचवते. मावशी स्टेशनवर असेल. तिथून घरापर्यंत रिक्षानं यायचं की चालत, ते उतरल्यावर बघू. मावशीनं नवे बूट घेतले आहेत आणि ज्वारीही दळून ठेवली आहे. भाकरी मात्र पहिल्या दिवशी तुझी तू थापायचीस, वाकडी झाली तरी.

ताईला नमस्कार. दिवा चालू ठेवून झोपलीस तरी चालेल.

तुझी,
मावशी