संघाचा रंग आणि बोधचिन्ह : मत मांडण्याचा एक पाठ
(इयत्ता सातवी. भाषा, नागरिकशास्त्र व चित्रकला यांच्या समन्वयासाठी)



मुलांच्या वह्यांची मागची पाने आपण बहुधा रागावण्यासाठीच उघडतो. तेथे उदाहरणांच्या ऐवजी क्रिकेटच्या संघांचे बिल्ले काढलेले असतात. चेन्नईचा सिंह असतो, मुंबईचे चक्र असते, आणि कोठे तरी एखाद्या परदेशी फुटबॉल संघाची ढालही मोठ्या निगुतीने रंगविलेली आढळते. परंतु त्याच मुलाला उभे करून “हे चिन्ह तुला का आवडते?” असे विचारले, तर “भारी दिसते” एवढ्यावर उत्तर संपते. आवड आहे, निरीक्षणही आहे. मात्र आवडीमागचे कारण शब्दांत मांडण्याची सवय नाही. ती सवय लावण्यास हा विषय फार सोयीचा आहे. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यावर मत देताना मुले शिक्षकांच्या तोंडाकडे पाहतात. संघाच्या गणवेशाविषयी बोलताना ती कोणाचीही भीड धरीत नाहीत.

या पाठासाठी आम्ही वेल्समधील कार्डिफ या शहराच्या फुटबॉल संघाची हकीकत निवडली आहे. ती सांगण्यापूर्वी नकाशावर ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स दाखवावा व कार्डिफ ही त्याची राजधानी आहे, हे फळ्यावर लिहावे. वेल्सच्या ध्वजावर तांबडा ड्रॅगन, म्हणजे पंख असलेला एक कल्पित सर्पाकृती प्राणी आहे, हेही याच वेळी सांगून ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन पडेल.

कार्डिफचा संघ १८९९ साली स्थापन झाला. आरंभी त्याचे नाव निराळे होते व रंगही निराळे, चॉकलेटी आणि पिवळसर असे होते. १९०८ साली त्याला ‘कार्डिफ सिटी’ हे नाव मिळाले आणि त्यानंतर अल्पावधीतच निळा रंग आला. १९११ साली बेल्जियन नाटककार मेटरलिंक यांचे ‘निळा पक्षी’ हे नाटक त्या शहरात झाले. त्याच वर्षी मेटरलिंक यांना नोबेल पारितोषिकही मिळाले होते. त्या नाटकावरून निळ्या कपड्यांतील या खेळाडूंना लोक ‘निळे पक्षी’ म्हणू लागले, असे सांगतात. १९२७ साली या संघाने आर्सेनलचा १-० असा पराभव करून इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकला. हा चषक इंग्लंडबाहेरच्या संघाने जिंकल्याचा तो एकमेव प्रसंग होय. त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये आजोबांनी नातवाला मैदानावर नेताना त्याच्या गळ्यात जो मफलर घातला, तो निळा होता.

२०१० साली मलेशियातील उद्योगपती व्हिन्सेंट टॅन यांनी या संघात भांडवल घातले आणि पुढे तो त्यांच्या ताब्यात आला. संघावर कर्जाचा भार होता आणि नव्या पैशाची निकड होती. २०१२ च्या मे महिन्यात अशी वार्ता फुटली की, संघाचा गणवेश तांबडा होणार आणि बोधचिन्हात पक्ष्याच्या जागी ड्रॅगन येणार. चाहत्यांनी आरडाओरड केली. बेत रद्द झाल्याचे सांगण्यात आले. आणि जून महिन्यात तोच बेत पक्का झाल्याचे जाहीर झाले! तांबडा रंग आशियात शुभ मानला जातो, ड्रॅगन तर वेल्सचाच आहे, तेव्हा या बदलाने संघाचे नाव दूरवर पोचेल व मालाला गिऱ्हाईक मिळेल, असा युक्तिवाद होता. त्याबरोबर मोठ्या गुंतवणुकीचे आश्वासनही होते. नव्या चिन्हात मोठा तांबडा ड्रॅगन आला आणि निळा पक्षी आकसून तळाशी गेला. निळा गणवेश परगावच्या सामन्यांपुरता उरला.

येथे थोडे थांबावे आणि वर्गाला विचारावे : तुम्ही त्या गावचे असता तर काय म्हटले असते? उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावीत. आमच्या अनुभवाप्रमाणे पहिल्या पाच मिनिटांत सारा वर्ग निळ्याच्या बाजूस जातो. मग शिक्षकाने मुद्दाम दुसऱ्या बाजूने बोलावे. संघ कर्जात बुडून बंदच पडला तर निळा रंग घालणार कोण? तांबडा ड्रॅगन वेल्सच्या ध्वजावर आहेच, मग तो परका कसा? आणि जो निळा रंग तुम्ही पुरातन म्हणता, तोही कधी काळी चॉकलेटी रंगाला बाजूस सारूनच आला ना? या तिसऱ्या प्रश्नाने हुशार मुले गोंधळतात, आणि त्यांनी गोंधळावे हेच इष्ट आहे. प्रत्यक्ष कार्डिफमध्येही चाहत्यांत एकमत नव्हते. रंग कोणताही असो, संघ जगला पाहिजे, असे म्हणणारे होते; आणि निळा मफलर गुंडाळून तांबड्या मैदानात अडीच वर्षे बसणारेही होते.

या हकीकतीतील सर्वांत बोधप्रद भाग पुढचा आहे. गणवेश बदलल्यावर पहिल्याच हंगामात संघाने आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले आणि १९६२ नंतर प्रथमच तो सर्वोच्च विभागात गेला. यशानंतर तक्रारी विरून जातील, असे कोणासही वाटले असते. तसे झाले नाही. विजयाच्या वर्षीही निळ्याची मागणी होत राहिली. म्हणजे “हरल्यामुळे ते चिडले” हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. मुलांना हे नीट उमजू द्यावे, कारण आपल्याकडे मतभेदाचे खापर पराभवावर फोडण्याची सवय फार. पुढील हंगामात संघ तळाला जाऊन खालच्या विभागात उतरला. मोर्चे निघाले. अखेर ९ जानेवारी २०१५ रोजी निळा रंग परत आणण्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी संघ घरच्या मैदानावर निळ्या गणवेशात उतरला. त्या वर्षी ठरलेल्या नव्या चिन्हात पक्षी पुन्हा मोठा झाला. ड्रॅगन मात्र लहान होऊन खाली राहिला. पुरता जिंकला कोण, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर शिक्षकाने देऊ नये.

आता एक गोष्ट आमच्या पदरची. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या खो-खो संघास गावातील एका सज्जनांनी नवे गणवेश दिले. जुने जांभळे सदरे विटले होते. दुकानात हिरवे कापड स्वस्त होते आणि आम्ही मुलांना न विचारता हिरवे पसंत केले. तालुक्याच्या सामन्याला संघ निघाला तेव्हा एका मुलीने जुन्या जांभळ्या सदऱ्याची चिंधी मनगटाला बांधली होती. आम्ही ती सोडावयास लावली. तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, माझी ताई मैदानाच्या कडेला उभी राहणार. ती आम्हाला ओळखणार कशी?” तिची ताई तीन वर्षांपूर्वी याच संघात खेळली होती. आम्ही काही तरी रागाचे बोललो. ते शब्द आता आठवत नाहीत, चिंधी आठवते. कापडाचा दर आम्ही दोनदा विचारला होता. मुलांना एकदाही विचारले नव्हते.

विचारणे ही देखील शिकण्याची कला आहे. याची दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत. लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन संघाच्या चिन्हावर १९३८ पासून एक बुरूज आहे. तो १७८७ साली बांधलेला कैद्यांच्या कोठडीचा बुरूज आजही उभा आहे. २०१३ साली संघाने नवे चिन्ह काढले आणि त्यातून “उत्तमाहून कमी ते पुरेसे नव्हे” अशा अर्थाचे जुने लॅटिन ब्रीद गाळले. वीस हजारांहून अधिक चाहत्यांनी विरोधी अर्जावर सह्या केल्या. संघाने क्षमा मागितली, चाहत्यांशी विचारविनिमय करून तीन नमुने तयार केले आणि ते मताला टाकले. निवडून आलेल्या नमुन्यात ब्रीद परत आले. अर्ज करणारे केवळ “जुने ते सोने” म्हणत नव्हते. काय गाळले आणि ते का नको होते, हे त्यांना नेमके सांगता येत होते. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला उत्तर देणे शक्य झाले.

लीड्सच्या संघाने २०१८ च्या जानेवारीत शतकमहोत्सवासाठी नवे चिन्ह जाहीर केले. त्यात छातीवर मूठ ठेवलेला मनुष्य होता. सहा महिने अभ्यास केला, दहा हजार लोकांना विचारले, असे संघाचे सांगणे होते. तरीही एका दिवसाच्या आत पन्नास हजारांहून अधिक सह्या विरोधात जमल्या आणि ते चिन्ह मागे पडले. दहा हजारांना विचारूनही असे का झाले असावे? “तुम्हाला संघाविषयी काय वाटते?” आणि “हे चित्र तुमच्या छातीवर चालेल का?” हे दोन प्रश्न एक नव्हेत, असे आमचे अनुमान आहे. वर्गातही तसेच घडते. “सर्वांना समजले ना?” या प्रश्नाला चाळीस मुले “हो” म्हणतात, फळ्याशी बोलाविले की चार उरतात.

नागरिकशास्त्राच्या तासाला जोड म्हणून एवढे सांगावे की, हा वाद पुढे कायद्यापर्यंत पोचला. इंग्लंडमधील फुटबॉलच्या कारभारासंबंधी २०२५ साली जो कायदा संमत झाला, त्यात संघाचे बोधचिन्ह व घरच्या गणवेशाचे मुख्य रंग बदलण्यापूर्वी बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा अजमावण्याची तरतूद आहे. मालकी एकाची असली तरी काही गोष्टी त्याच्या एकट्याच्या नसतात, हे तत्त्व मुलांना गावच्या पारावरून किंवा पाणवठ्यावरून सहज समजेल. त्यासाठी फार व्याख्यान देऊ नये.

चित्रकलेच्या तासाला ब्राझीलचे उदाहरण घ्यावे. १९५० च्या विश्वचषकात १६ जुलै रोजी, स्वतःच्याच देशात, ब्राझीलचा संघ उरुग्वेकडून २-१ असा हरला. त्या दिवशी त्यांचा गणवेश पांढरा होता आणि तो पुढे लोकांच्या मनातून उतरला. १९५३ साली एका वृत्तपत्राने नव्या गणवेशाची स्पर्धा लावली. राष्ट्रध्वजातील चारही रंग, म्हणजे हिरवा, पिवळा, निळा व पांढरा, वापरलेच पाहिजेत, अशी अट होती. शेकडो चित्रे आली. त्यांतून आल्दिर शली या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे चित्र निवडले गेले : पिवळा सदरा, त्याला हिरवी किनार, निळी तोकडी विजार आणि पांढरे मोजे. आज जगभर ओळखला जातो तो हाच गणवेश. तरुण उरुग्वेच्या सीमेलगतच्या गावचा होता, ही मौज मुलांना अवश्य सांगावी. जुने टाकून नवे घेणे नेहमीच अन्यायाचे नसते, हेही या उदाहरणावरून त्यांच्या ध्यानी येईल.

यानंतर प्रत्येक मुलाला कोरा कागद द्यावा. शाळेच्या संघासाठी चिन्ह काढावयास सांगावे. अट एकच, चित्रातील प्रत्येक वस्तू या गावात बोट दाखविता येईल अशी असावी. सिंह आणि वाघ यांची गर्दी त्याने आपोआप कमी होते. आमच्याकडे एकाने चिंचेचे झाड काढले, एकीने पुलाची कमान काढली, आणि एकाने शाळेची फुटकी घंटा काढून तिच्यातील भेगही रंगविली. कागदाच्या पाठीमागे तीन वाक्ये लिहून घ्यावीत : काय काढले, का काढले, आणि ज्याला हे पसंत नाही तो काय म्हणेल. तिसरे वाक्य कोरे असेल तर कागद परत द्यावा. “आवडत नाही” एवढेच लिहिले असेल तरीही परत द्यावा.

नावे न वाचता चित्रे भिंतीवर टाचावीत आणि आठवडाभर तशीच राहू द्यावीत. शनिवारी शाळा सुटल्यावर शाळेतून बाहेर पडलेल्या माजी खेळाडूंनाही बोलवावे. त्यांची मते मुलांनीच वहीत टिपून घ्यावीत. आम्ही मागील वर्षी असे केले तेव्हा जांभळ्याला सतरा आणि हिरव्याला चौदा मते पडली. हिरव्याच्या बाजूने सर्वांत जोरात बोलणारी मुलगी त्या चिंधीवालीचीच धाकटी बहीण होती. ती म्हणाली की, तिने जांभळा कधी घातलाच नाही, ती हिरव्यातच जिंकली. सध्या आमच्या संघाचा सदरा जांभळा आहे व त्याची बाही हिरवी. कापड थोडे महाग पडले.