पैसे संपतात, हे मुलांना कुठे दिसतं?

ताईच्या पासबुकात एकच नोंद पुन्हा पुन्हा येत होती. यूपीआय लाइट, पाचशे रुपये. दोन-तीन दिवस गेले की परत तीच. मी इचलकरंजीत पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळे असल्या कोड्यांसाठी घरचे माझ्याकडेच येतात. ताईला वाटत होतं खातं कुणीतरी हॅक केलंय. दाजींचा संशय बँकेवर.

लाइटची गंमत अशी, की खात्यातले थोडे पैसे आधीच बाजूला काढून मोबाइलमध्ये ठेवले जातात आणि त्यातून हजार रुपयांपर्यंतचा व्यवहार पिन न टाकता होतो. पासबुकात फक्त तो भरणा उमटतो. पुढे ते पैसे कुठं गेले हे पाहायला ॲपच उघडावं लागतं. उघडलं. वडापावचा गाडा, चाळीस. शाळेजवळचं झेरॉक्सचं दुकान, साठ. कोल्ड्रिंक, फ्रँकी, पुन्हा वडापाव, एकदम दीडशेचा. सगळ्या नोंदी संध्याकाळी पाच ते सातमधल्या.

भाचा सातवीत आहे. दूध-कोथिंबीर आणायला ताई त्याला मोबाइल देऊन पाठवायची. परत येताना तो चार-पाच मित्रांना खाऊ घालायचा. गल्लीतली पोरं त्याला 'शेठ' म्हणायला लागली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

दाजींनी त्याच दिवशी फर्मान काढलं, उद्यापासून मोबाइलला हात लावायचा नाही. मी पोराला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "आईच्या खात्यात किती पैसे आहेत, माहितीये?"

"असतात की, मामा. कमी झाले की आपोआप येतात."

आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर ते खरंच होतं. ॲपमध्ये ऑटो टॉप-अप चालू होता. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेली की खात्यातून परस्पर भर पडायची. त्यानं पैसे संपलेले कधी पाहिलेच नव्हते. आपल्या लहानपणी वाण्याकडं सुट्टे कमी पडले की गोळी परत बरणीत जायची. आता दुकानातला स्पीकर रक्कम मोठ्यानं ओरडतो, पण ती दुकानदाराला मिळालेली. आपल्याकडं उरलं किती, हे कुणीच ओरडत नाही.

म्हणून मला मोबाइलबंदी पटली नाही. पोरगं अठरा वर्षांचं झाल्यावर रोख रकमेच्या जगात थोडंच जाणार आहे? त्याला शिकवायचं ते पैसे संपणं. त्यासाठी छोटी, बंद आणि त्याच्या एकट्याच्या मालकीची रक्कम लागते. आम्ही पहिल्यांदा ऑटो टॉप-अप बंद केला, मग लाइटच बंद केलं. उरलेली शिल्लक खात्यात परत येते, बुडत नाही. मग दर रविवारी शंभर रुपये रोख त्याच्या हातात द्यायचे ठरलं. त्यात खाऊ, पेनं, मित्रांचे लाड, जे करायचं ते. आगाऊ मिळणार नाही.

पहिल्या आठवड्यात मंगळवारीच खिसा रिकामा. बुधवारी शेठ तोंड पाडून माझ्याकडं आले. द्यावेत असं मलाही वाटलं, वीस-तीस रुपयांचा तर प्रश्न! पण नेमकं इथंच पालक घसरतात. मागितल्यावर मिळणारे शंभर आणि आपोआप भरणारं लाइट, यात पोराच्या लेखी काडीचा फरक नाही. बुधवार ते शनिवार हे चार कोरडे दिवस जे शिकवतात, ते कुठल्याही व्याख्यानात नाही. 'का खर्च केलेस' याची झडतीही घेऊ नये. वायफळ खर्च शंभरातला असतानाच होऊन जाऊ दे, पुढं पगारातला होण्यापेक्षा.

नंतर त्याच्या नावाचं बचत खातं काढलं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल 2025 मध्ये बँकांना मुभा दिली आहे की दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं काढून स्वतः चालवू द्यावं. रकमेच्या अटी ज्या-त्या बँकेच्या, पण खात्यात असतील तेवढेच पैसे निघणार. फॉर्मवर त्यानं स्वतः सही केली, तीही तीनदा गिरवून. पासबुक मात्र मशीनमध्ये घालून छापून आणायचं, आणि ते त्यानंच.

यूपीआय सर्कलबद्दल बरेच पालक विचारतात. 2024 पासून ही सोय आहे. आपल्या खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला खर्च करू द्यायचा. एक तर प्रत्येक वेळी आपण मंजुरी द्यायची, नाहीतर महिन्याची मर्यादा घालून द्यायची, जास्तीत जास्त पंधरा हजार. क्लासला परगावी जाणाऱ्या मुलासाठी उत्तम. पण सातवीतल्या पोरासाठी माझं मत वेगळं आहे. त्यात मूल परवानगी मागायला शिकतं, हिशेब नाही.

फसवणुकीचं थोडक्यात सांगतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेलेच, हे पोराला पाढ्यासारखं पाठ पाहिजे. आणि काही झालं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन. मार बसेल या धास्तीनं मूल दोन दिवस गप्प राहिलं, तर तोवर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात. तेव्हा आधी फोन, ओरडायचं ते नंतर.

आमच्या योजनेला खरं भगदाड पाडलं ते आज्जीनं. नातवाचं तोंड सुकलेलं दिसलं की पदराच्या गाठीतून पन्नासची नोट निघायची. ताईनं दोनदा समजावलं, उपयोग शून्य. शेवटी तोड निघाली ती अशी: आज्जीनं खुशाल द्यावेत, पण ते खात्यात भरायचे. आज्जी कबूल झाली. मात्र आता दर महिन्याला त्याचं पासबुक मागून घेते, चष्मा लावून आपले पन्नास-पन्नास मोजते आणि एखादा कमी निघाला तर पोराला नाही, मला विचारते.